मधला घ्या

श्रुतिका परबला आपल्या डोळ्यांचा भारी गर्व. मालाडच्या नाक्यावर बस वळायच्या आधी तिचा नंबर हिला दिसणार, भरल्या लग्नात लांबच्या मावशीची नवी नथ सगळ्यांआधी हिच्याच नजरेत भरणार. तेव्हा त्या गुरुवारी संध्याकाळी ती कंप्युटरच्या दुकानात शिरली, ती मान ताठ ठेवूनच.

"गेमिंगचा मॉनिटर दाखवा. दोनशेचाळीस हर्ट्झचा. तो मोठा, वाकडा असतो ना, तसला."

काउंटरमागचा मुलगा कसलासा स्क्रू पिळत होता. त्याने वर पाहिलं... आणि क्षणभर नुसतं पाहतच राहिला. मग घसा साफ करून म्हणाला, "ग्राफिक कार्ड कोणतं आहे तुमचं?"

"तुम्हाला मॉनिटर विकायचाय की माझी परीक्षा घ्यायचीय?"

"परीक्षा घेतल्याशिवाय विकत नाही मी."

बोलणं सावकाश, पण डोळे हसरे. खिशावर नावाची पट्टी – प्रबुद्ध साळवे. श्रुतिकाने पट्टी वाचली आणि मग कार्डाचं नाव सांगितलं.

"मग तुमचा कंप्युटर सेकंदाला दीडशे, फार तर पावणेदोनशे चित्रं काढणार. मॉनिटर दोनशेचाळीस दाखवायला तयार... पण दाखवणार काय बिचारा?"

आता हे खरं तर पटण्यासारखंच होतं. पण श्रुतिकाला घाई होती, आणि घाईचं कारणही तसंच. दिवसभर ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकणारी ही मुलगी संध्याकाळी नेमबाजीचा गेम खेळायची, आणि साधंसुधं नाही, झकास खेळायची. पाच मुलींच्या एका टीममध्ये एकच जागा रिकामी होती. दोनदा ती निवडीतून परत आली होती. येत्या रविवारी तिसरी आणि शेवटची संधी.

"भिंतीआडून कोणी धावत आलं ना, की माझ्या जुन्या स्क्रीनवर माणूस दिसतच नाही," ती म्हणाली. "नुसता फराटा दिसतो. तो माणूस आहे हे कळेपर्यंत मी मेलेली असते."

"म्हणजे शेपूट."

"काय?"

"आमच्याकडे शेपूट म्हणतात त्याला. हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला कितीदा बदलतं ते. पण नवं चित्र आलं तरी आधीचं पुसायला पडदा आळशी असेल, तर मागे शेपूट राहतंच. खोक्यावर काहीही छापलेलं असू दे. आपल्या डोळ्यांनी बघून घ्यायचं."

"डोळ्यांचं माझ्यावर सोडा."

"सोडलं," तो म्हणाला, आणि का कोण जाणे, तिच्या डोळ्यांकडे बघत म्हणाला.

"प्रबुद्ध, मॅडमना मोठावाला दाखव," मागच्या खुर्चीतून मालक चंद्रप्रकाश शेठ बोलले. "एकदम बेस्ट पीस आहे." तो बेस्ट पीस दिवाळीपासून तिथेच धूळ खात होता, हे शेठ सांगणार थोडेच.

प्रबुद्धने तीन मॉनिटर शेजारी शेजारी चालू केले आणि काहीतरी टाइप केलं. "काळ्या पडद्यावर एक ओळ जोरात धावेल. जिथे वाचता येईल तो मॉनिटर तुमचा."

ओळ सुटली. डावीकडच्या स्वस्त मॉनिटरवर नुसती खडूची पूड उडाल्यासारखं दिसलं. उजवीकडे तो मोठा, वाकडा – त्याच्यावर प्रत्येक अक्षर मागे राखाडी ओघळ सोडत होतं. आणि मधल्यावर... मधल्यावर अक्षरं ठसठशीत. श्रुतिकाने वाचलं.

'शेठना मोठा खपवायचाय. मधला घ्या.'

तिने ओठ दाताखाली धरला. शेठ मॉनिटरच्या पाठीमागे बसलेले, त्यांना फक्त वायरी दिसत होत्या. प्रबुद्धचा चेहरा बघाल तर अगदी साळसूद.

"वाचलं?" त्याने विचारलं.

"वाचलं. शुद्धलेखन चांगलं आहे तुमचं." मग ती शेठकडे वळून गोड हसली. "मधला द्या."

वॉरंटीच्या कार्डावर प्रबुद्धने आपला नंबर लिहून दिला. "काही अडलं तर फोन करा."

"आणि नाही अडलं तर?"

तो थोडा गडबडला. "तर... तरीही चालेल."

मॉनिटर घरी आला. आईने, म्हणजे सुगंधाताईंनी, त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं. श्रुतिकाने गेम सुरू केला आणि पाचव्या मिनिटाला प्रबुद्धला मेसेज ठोकला – "काय फरक आहे यार. मी पहिल्या सेकंदाला ओळखला."

त्याचं उत्तर आलं, "सगळ्यांना नाही ओळखता येत."

"मी सगळ्यांतली नाही."

शुक्रवारभर बाई हवेतच. शनिवारी मात्र सरावाला बसली आणि दहापैकी सात वेळा हरली. तीच भिंत, तसाच फराटा. दुपारी तिने फोन लावला तेव्हा आवाज चढलेला होता, पण त्याखाली रडू होतं. "तुमच्या मधल्याने माझी वाट लावली. उद्या निवड आहे माझी."

जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता तिच्या घरी आला. खुर्चीत बसला, दोनचार ठिकाणी क्लिक केलं आणि पडद्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवलं.

"काय झालं?"

"साठ."

"काय साठ?"

"मॉनिटर एकशेऐंशीचा आहे, चालतोय साठवर. सेटिंग बदललेलंच नाही. आणि केबल ही जुनीच लावलीय ना तुम्ही?"

लावली होती. नवी केबल खोक्यात, खोकं माळ्यावर. जुनी केबल कपाटामागून ओवलेली होती, आणि दहा बाय दहाच्या खोलीत ते लोखंडी कपाट हलवायचा उत्साह कोणाला असतो? श्रुतिकाचे कान तापले. पहिल्या सेकंदाला ओळखला म्हणे. जो फरक नव्हताच तो ओळखला आणि वर माणसाला कळवलासुद्धा. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. आता हा हसणार, शेठला सांगणार, उद्या सगळं दुकान हसणार...

तो हसला नाही. कानामागे खाजवत म्हणाला, "मी दीड वर्ष."

"दीड वर्ष काय?"

"मानखुर्दला, माझ्या घरी. असाच नवा मॉनिटर आणला आणि दीड वर्ष साठवर वापरला. मित्रांना बोलावून बोलावून दाखवायचो, बघा कसा लोण्यासारखा चालतो. आणि मी हेच विकतो. हे आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं."

श्रुतिका जी हसत सुटली ती पोट धरून खाटेवरच बसली. आणि हसता हसता तिला स्वच्छ कळलं, हा माणूस आपल्याला आवडतो. आपली फजिती झाकायला त्याने स्वतःची पुढे केली, इतकं कोण करतं? पोरगी प्रेमात पडली होती, आणि या वेळी ओळखण्यात काही चूक नव्हती.

"धर ती बाजू," ती कपाटाला भिडत म्हणाली.

"तुम्ही नका, मी एकटा–"

"कपाट उचलताना कोणी तुम्ही-आम्ही करतं का? तू म्हण."

"बरं. तू... तू जरा पाय सांभाळ."

कपाट सरकलं, केबल बदलली, सेटिंग एकशेऐंशीवर आलं. श्रुतिकाने माउस हलवला. भिंतीआडून धावत येणाऱ्याच्या बुटांच्या नाड्या दिसत होत्या. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं, आणि तो लाजला.

इतक्यात आई भाजीची पिशवी घेऊन दारात. मुलाला आपादमस्तक बघून घेतलं. "उभो कित्याक? बस मरे. नाव काय तुझा?"

"प्रबुद्ध साळवे. मानखुर्दला राहतो."

आईने आडनाव ऐकलं, क्षणभर थांबली. श्रुतिकाने हनुवटी वर करून आईकडे पाहिलं. आईने पिशवी खाली ठेवली. "माशे खातस मां? उद्या जेवाक ये. कपाटामागचो कचरो इतक्या वर्षांनी निघालो, तुझेच उपकार."

रविवारी अकराला निवड सुरू झाली, सगळ्या आपापल्या घरून खेळत होत्या. प्रबुद्ध अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता आणि मागे खाटेवर बसला होता. बोलायचं नाही, अशी त्याला ताकीद. शेवटच्या डावात श्रुतिकाच्या बाजूच्या सगळ्या संपल्या, समोरही एकच उरली. दार... दार... दाराच्या कडेला नुसता खांदा हलला. श्रुतिकाला तो खांदा लख्ख दिसला, आणि तिचं बोट त्याच क्षणी दाबलं गेलं.

फोन आला तेव्हा तिचा एक हात अजून माउसवरच होता, म्हणून तिने फोन टेबलावर ठेवून स्पीकरच लावला. पलीकडे टीमची कॅप्टन अनुपमा.

"घेतलं गं तुला," अनुपमा म्हणाली. श्रुतिकाने डोळे मिटले. दोन वर्षांचं ओझं खांद्यावरून उतरलं. "पण एक सांग, ती शेवटची पोरगी तुला दिसली कशी? आम्हाला रेकॉर्डिंग सावकाश लावल्यावर दिसली."

"मॉनिटर नवा घेतला."

"निवडून कोणी दिला? आमचेपण बदलायचेत. तो माणूस दे ना आम्हाला."

"मॉनिटर हवे तितके घ्या," श्रुतिका म्हणाली. "माणूस माझा आहे."

बोलून गेली, आणि मग मागची खाट करकरली. आत तव्यावर बांगडे चरचरत होते, पण आईच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला होता. श्रुतिकाने खुर्ची फिरवली. लाजायचं की नाही याचा विचार तिने केला, आणि नाही असं ठरवलं.

"ऐकलंस ना?"

"हं."

"मी ते मागे घेणार नाहीये. तुला नको असेल तर आत्ताच सांग, आई पानं वाढायच्या आधी."

तो उठला. दोन पावलांची ती खोली, तरी त्याला वेळ लागला. तिच्यासमोर येऊन त्याने हात पुढे केला. "गुरुवारी दुकानातच विचारलं असतंस ना... तर शेठसमोर हो म्हटलं असतं."

तिने तो हात धरला. घट्ट.

"श्रुतिका," टेबलावरून आवाज आला, "मी अजून लाइनवर आहे गं."

श्रुतिकाने त्याचा हात न सोडता दुसऱ्या हाताने फोन बंद केला.