काळी रिबीन

ही घटना खरी आहे. भुतं अमावास्येच्या रात्रीच निघतात असं मानणाऱ्यांनी इथूनच मागं फिरावं. हे भर दुपारी घडलं, गेल्या जानेवारीत, बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका नर्सिंग कॉलेजच्या मैदानात.

भूकंपाची रंगीत तालीम होती. वीस मुली जखमी होऊन पडल्या होत्या. रक्त म्हणून टोमॅटो सॉस. एक जखमी तर पडल्या पडल्या सेल्फी काढत होती.

पाहुण्या म्हणून आलेल्या निवृत्त मेट्रन शमशाद सिस्टरांनी नाक मुरडलं. पंचविशीत त्यांनी किल्लारीच्या भूकंपात काम केलं होतं. तेव्हापासून त्या त्याचाच टेंभा मिरवत होत्या.

"असल्या तमाशानं माणसं वाचत न्हाईत," त्या भाचीला म्हणाल्या. सिमरन तिथंच शिकत होती.

सिस्टर मनगटावरच्या पट्ट्या तपासत निघाल्या. लाल म्हणजे आधी उचला. पिवळी म्हणजे थांबू शकेल. काळी म्हणजे मेलेला, सोडून द्या.

वीस झाल्या...

भिंतीकडेला एकविसावी होती.

लुगडं नेसलेली. अंगभर पांढुरकी धूळ. इथली माती तर काळी.

"ऊठ गं. लईच रंगलीस," म्हणत सिस्टरांनी सवयीनं तिचं मनगट धरलं.

गार होतं. नाडी लागेना...

त्यावर प्लास्टिकची पट्टी नव्हती. वेणीची काळी रिबीन होती. दुहेरी गाठ मारलेली.

सिस्टरांनी ती रिबीन ओळखली. किल्लारीला पट्ट्या संपल्या, तेव्हा त्यांनी स्वतःच्या वेणीची रिबीन सोडून एका बाईला बांधली होती. नाडी धड न बघता. दहा पावलांवरून वळून पाहिलं, तर बाईची बोटं हलत होती. चूक कळली तर डॉक्टर ओरडतील, म्हणून त्या परत गेल्या नाहीत. एवढ्याशा भीतीपायी. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आत्ताही बोटं हलली...

तेवढ्यात माइकवर प्राचार्य विजयसिंह सरांचा आवाज आला. "शमशाद मॅडम, दोन शब्द बोला."

गाठ सोडायला असा किती वेळ लागतो? सिस्टरांनी मनगट खाली ठेवलं आणि त्या स्टेजवर गेल्या.

भाषण नेहमीचंच. "किल्लारीत मी एकही जिवंत माणूस मागं सोडला नाही."

टाळ्या पडल्या. थांबल्या.

एकीच्या थांबल्या नाहीत...

संथ. कोरड्या. भिंतीकडून.

सिस्टर घाईनं खाली उतरल्या. भिंतीकडेला फक्त सिमरन उभी होती.

"ती बाई कुठं गेली?"

"हितंच व्हती, खाला. तुमी बोलत व्हता तवा उठून बसली. तुमच्याकडं बघून हसत टाळ्या वाजवत व्हती. वळखीची हाय का?"

"न्हाय," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या पाठीशी एक टाळी वाजली...

सिस्टर आता कळंबला असतात. हे सगळं त्यांनीच सांगितलं, मान वर न करता. तुम्ही परत गेला असता तर ती बाई वाचली असती का, असं विचारलं, की त्यालाही त्या "न्हाय" म्हणतात.

आणि मग कान देऊन ऐकत बसतात.