अंगठ्याची खूण

जसोंडीच्या त्या विहिरीला बारा वर्षं पाणी नव्हतं. आसपासच्या शेतांतले बोअर खोल खोल जात होते आणि मनकर्णाकाकूंच्या या बांधीव विहिरीत पारवे सुखाने नांदत होते. मग गेल्या दिवाळीच्या सुमारास तिला पाणी आलं. नुसतं आलं नाही, तर दर आठवड्याला हातभर चढत राहिलं. एप्रिल लागला, गावातले बोअर धापा टाकू लागले, तरी हिचं पाणी चढतंच. काकूंचा एकुलता एक मुलगा गेला त्याची देवाने भरपाई केली, असं लोक म्हणाले. लोकांना असलं काहीतरी सुचतंच.

काकूंनी मोटार बसवली, पाणी ठिबकला जोडलं. महिनाभरात केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या.

स्वप्निल बुऱ्हाणपूरहून रिक्षाने आला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. सोबत त्याचा डायव्हिंगचा पोशाख, मास्क, आणि बचाव पथकातल्या मित्राकडून मागून आणलेला हवेचा सिलिंडर. गेले आठ महिने तो भावाच्या मोबाइलच्या दुकानात बसत होता. त्याआधी पाच वर्षं तो दक्षिण आफ्रिकेत, डर्बनच्या खाली, पर्यटकांना प्रवाळ आणि शार्क दाखवायला समुद्रात नेत असे. ते काम त्याने का सोडलं, हे जसोंडीत सगळ्यांना माहीत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

"रिपोर्ट आला बेटा," काकू म्हणाल्या. "पानी खारं आहे म्हने. लॅबवाला मलेच विचारून राहिला, बाई, मीठ कालवून आनलं का?"

सालदार लोटूने बादली पुढे केली. स्वप्निलने बोट बुडवून जिभेला लावलं. विहिरीचं मचूळ पाणी त्याने लहानपणी याच शेतात पुष्कळ प्यायलं होतं. हे ते नव्हतं. हा समुद्र होता, आणि समुद्र इथून चारशे किलोमीटरवर.

"तू आत जाऊन पाह्य, कुठून येते ते," काकू म्हणाल्या. "चार हजार खोडं उभी आहेत. दुसरं पानी नाही मले."

मग नेहमीप्रमाणे त्यांनी विचारलंच. "आखरीला त्याने अंगठा दाखवला होता ना तुले? असाच?" काकूंनी आपला रापलेला अंगठा वर केला.

"हो काकू. असाच. मस्त वाटतंय म्हणाला."

हे वाक्य स्वप्निल आठ महिन्यांत पन्नासदा बोलला असेल.

काकूंचा निरंजन त्याचा बालमित्र. डर्बनला एका पॅकिंग कंपनीत लागला आणि रविवारी स्वप्निलच्या मागे लागून डायव्हिंग शिकला. शिकला म्हणजे काय, एक गोष्ट सोडून सगळं शिकला. पाण्याखाली ठीक असलं तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. अंगठा उभा केला तर त्याचा अर्थ एकच, वर चल. पण निरंजनला काही आवडलं की त्याचा अंगठा वर जायचाच. "अरे भो, आदत पडली, काय करू?" बोटीवर येऊन तो हसायचा. प्रत्येक डाइव्हमध्ये स्वप्निलला वाटायचं, ह्याला वर जायचंय. आणि प्रत्येक वेळी ह्याला फक्त मासा आवडलेला असायचा.

त्या दिवशी ते पंचवीस मीटरवर होते. कपारीतून शार्क निघाले, एकामागून एक, तोंड उघडं ठेवून संथ तरंगणारे. निरंजनने अंगठा वर केला. स्वप्निल मनात हसला, गोल करून दाखवला, आणि शार्क बघायला वळला. पाठीमागून खांद्यावर थाप पडली. वळून पाहिलं तर पुन्हा अंगठा. स्वप्निलने पुन्हा गोल केला. तिसऱ्यांदा वळला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. देह कधीच सापडला नाही.

दोनदा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

विहिरीच्या कडेच्या दगडी पायऱ्यांवरून तो पाण्यात उतरला. लोटूने सकाळीच दोर सोडून मोजलं होतं, पाणी चाळीस फूट. म्हणजे बारा मीटर. ऊन थेट आत पडत होतं.

पहिले काही मीटर सगळं विहिरीसारखंच होतं. शेवाळ, मोटारीचा पाइप, पारव्यांची पिसं. दगडांवर चुनखडीचा पांढरा थर होता, तो खाली जावं तसा जाड होत गेला. मग त्या थराला फांद्या दिसायला लागल्या. स्वप्निलने हातमोज्याने स्पर्श केला. फांदीच्या टोकावरचे बारीक तंतू पटकन आत ओढले गेले.

हिरवं पाणी निळं झालं.

आणि आवाज सुरू झाला. प्रवाळाजवळ गेलं की तेलात मोहरी पडावी तशी तडतड चहूकडून ऐकू येते. पाच वर्षं त्याने ती रोज ऐकली होती. खानदेशातल्या विहिरीत ती ऐकून तो इतका घाबरला की श्वास घ्यायचा विसरला.

त्याने मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर पाहिला. खोली: १८ मीटर. तळ बारावरच यायला हवा होता. पाय मारणं त्याने थांबवलं होतं, तरी आकडा सरकत होता. बावीस. चोवीस. पंचवीसवर तो थांबला.

भिंती कुठेच नव्हत्या.

डावीकडून काहीतरी मोठं, संथ, त्याच्या कडेने गेलं. त्याने मान वळवली नाही.

कारण समोर, खालच्या अंधारातून, बुडबुडे येत होते. सलग नव्हे. थोडे, मग खंड, मग थोडे. कोणीतरी श्वास सोडत होतं. भराभर, घाबरल्यासारखा. निरंजन असाच श्वास घ्यायचा, आणि त्याची हवा नेहमी आधी संपायची.

स्वप्निल वर निघाला. सगळं अंग पळ म्हणत होतं, पण पाच मीटरवर तो थांबला. तिथे तीन मिनिटं थांबायचंच, रक्तात विरघळलेला वायू निघू द्यायचा, मग वर. हा नियम त्याने निरंजनलाही घोकायला लावला होता. मनगटावरचा कॉम्प्युटर तीन मिनिटं उलटी मोजत होता, ती त्याने डोळे मिटून काढली. तडतड चालूच होती.

वर आला तेव्हा लोटूने हात देऊन ओढलं. काकू कठड्याशी उभ्या होत्या.  त्या पाण्याकडे बघत होत्या, हळूहळू अंगठा वर करत होत्या.

"काकू, हे काय करताय?"

"रोजचं आहे बेटा. इथेच पोहायला शिकला ना तो. तू सांगितलं तेव्हापासून रोज सकाळी येते, त्याले अंगठा दाखवते. मस्त आहे ना रे, विचारते."

"रोज?"

"एक दिवस चुकवला नाही," लोटू म्हणाला. "पानी यायच्या पयलेपासून."

स्वप्निल कठड्यावर बसला.  आठ महिने ही बाई रोज सकाळी विहिरीवर, ती कोरडी होती तेव्हापासून, उभी राहून आपल्या मुलाला एकच सांगत होती. आणि हातभर, हातभर, तो ऐकत होता.

आता गप्प बसता आलं असतं. पण ती उद्याही आली असती.

"काकू, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ मस्त असा नसतो. त्याला वर यायचं होतं. दोनदा सांगितलं त्याने मला. मी थट्टा समजलो." त्याला रडू फुटलं. "तुम्ही आता अंगठा दाखवू नका. हात जोडतो. त्याचा अर्थ, वर ये."

काकूंनी अंगठा खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"वर ये?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि काकू, आठ महिने झालेत. आता तो..." 

काकू वळल्या. कठड्यावरून पुरत्या वाकल्या, आणि या वेळी अर्थ कळून, हात लांबवून अंगठा वर केला. खाली पाण्यावर बुडबुड्यांचा एक झुबका फुटला. मग खंड. मग दुसरा.

"लोटू," त्या म्हणाल्या, "घरातून त्याचा टॉवेल आन. कोरडा पाहून आन."

लोटू बुडबुड्यांकडे बघत मागे सरकला आणि घराकडे चालू लागला.

"किती वेळ लागते रे वर याले?" काकूंनी विचारलं.

 स्वप्निल आपल्या मनगटाकडे बघत होता. हात उन्हात होता, कॉम्प्युटर कोरडा झाला होता. पडद्यावर खोली दिसत होती, पाच मीटर. खाली वेळ उलटी मोजली जात होती. दोन मिनिटं, एक्केचाळीस सेकंद.