सातवे कुलूप

दाजींचे गुडघे सकाळपासून कुरकुरत होते, आणि मेहुणीने त्यांना आणले होते कुठे, तर बारा हजार खुर्च्यांच्या बंदिस्त क्रीडागृहात. जिकडे बघावे तिकडे पायऱ्याच.

"तुम्ही बसा, दाजी," ती म्हणाली. "मी विचारते, तुम्ही ऐका."

पोस्टातून निवृत्त झाल्यापासून दाजी हेच करत होते. मेहुणी खासगी तपासाची कामे घ्यायची, आणि नवरा घरात लुडबुडायला नको म्हणून बायको त्यांना बहिणीबरोबर धाडून द्यायची.

आज बोलावणारी बाई समोर उभी होती. दोन रात्री दवाखान्यात काढून तिचे डोळे सुजले होते. तिचा नवरा, सगळ्यांचा लंबू, पंधरा वर्षे इथल्या छताखालच्या फळ्यांवर चालून दिवे आणि पडदे टांगत होता. परवा सकाळी बास्केटबॉलचा सामना संपला. संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता. मधल्या वेळात सगळे बदलायचे. दुपारी दिव्यांची मोठी लोखंडी चौकट मोटरने वर चढली आणि लंबू उभा होता त्याच फळीवर आदळली. कमरेच्या पट्ट्याने लोंबकळला म्हणून जीव वाचला. खुब्याचे हाड मात्र मोडले.

"चार वाजता अहवालावर सही होणार," ती म्हणाली. "यांनी कुलूप लावलंच नाही, चूक यांचीच, असं लिहिलंय. मग कार्ड रद्द. पुन्हा कुठल्याच छतावर चढू देणार नाहीत. बाई, हे जमिनीवर बसले तर झुरून जातील हो."

"कसलं कुलूप?" दाजींनी विचारले.

मुकादमाने त्यांना भिंतीपाशी नेले. मोटरींच्या मुख्य स्विचला सहा भोकांचा लोखंडी चिमटा होता. वर जाणाऱ्याने स्विच बंद करायचा, चिमट्याच्या भोकात आपले कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायची. चिमट्याला एक जरी कुलूप राहिले, तरी स्विच चालू होत नाही.

शेजारी खुंट्यांवर कुलपे टांगली होती. सहा उघडी, किल्लीसकट; एक बंद.

"ते बंद आहे ते लंबूचं," मुकादम म्हणाला. "मॅनेजर आले तेव्हा खुंटीवरच होतं. म्हणजे नेलंच नाही त्यानं."

"खुंट्यांवर नावं नाहीत."

"नावं कशाला? आमची आम्हाला ठाऊक."

"आणि किल्ली?"

"एकच असते. लंबूच्या खिशात सापडली."

मेहुणीने कुलूप उलटसुलट पाहिले. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. "वर किती जण गेले होते?"

"सात. एरवी पाच-सहा असतात." मुकादमाने डोळे चोळले. "चोवीस तास पाठ टेकली नव्हती हो कुणी. शेवटी लंबू आणि त्याचा मेहुणा दादा गेले, नेहमीसारखे जोडीनं. चिमट्याला कुलपं दिसली, मी मोजली नाहीत. मग एकेक जण उतरला, आपापलं कुलूप काढून गेला. चिमटा रिकामा झाला तशी मी कळ दाबली."

"आणि आवाज झाल्यावर?"

"तसाच वर धावलो. डॉक्टर येईपर्यंत धरून होतो त्याला."

कार्यक्रमवाल्यांचा माणूस स्विचपाशी उभा राहून घाई करत होता, हे त्याने स्वतःच कबूल केले. "पण कुणाचं कुलूप कुठलं, मला काय माहीत? मी पहिल्यांदाच येतोय इथे." दाजींना तो चांगलाच संशयास्पद वाटला.

राहिला दादा. लंबूच्या बायकोचा थोरला भाऊ. तो खाली मान घालून बाकावर बसला होता.

"काय सांगू, बाई? चिमट्यात जागाच नव्हती. तसाच चढला असेल."

"तो पडला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच, खाली. पायच हलेनात."

मेहुणी लंबूच्या बायकोकडे वळली. "लंबू काय म्हणतो?"

"सगळं आठवतंय त्यांना. फळी कुठली, हातात पाना कुठला. कुलपाचं विचारलं की भिंतीकडे तोंड करतात. म्हणतात, आठवत नाही."

साडेतीनला मेहुणीने सगळ्यांना स्विचपाशी बोलावले. एक उघडे कुलूप चिमट्यात लावून त्याची किल्ली तिने दाजींना दिली. मग दुसरे कुलूप घेतले, पहिल्याच्या कडीत अडकवून बंद केले आणि त्याची किल्ली स्वतःच्या मुठीत धरली.

"दाजी, तुमचं काढा."

दाजींनी किल्ली फिरवली, कुलूप ओढले. दोन्ही त्यांच्या हातात आली.

"दुसरं कसं उघडलंत?"

"मी कुठे उघडलं?" दाजी गोंधळले. "ते बंदच आहे की."

मुकादमाने चिमट्याची भोके बोटाने मोजली.

"भोकं सहा, माणसं सात," मेहुणी म्हणाली. "पंधरा वर्षांचा माणूस बिनकुलपाचा चढत नाही. जागा नसली तर भरवशाच्या माणसाच्या कुलपात आपलं अडकवतो. किल्लीनं काढलेलं कुलूप इथे उघडंच टांगतात. लंबूचं बंद, म्हणजे ते किल्लीशिवाय निघालं. ते त्याच्याच खुंटीवर लावायला खुंटी माहीत हवी, हे पाहुणे त्यातून सुटले. मुकादम वर होते. आणि चिमट्यात जागा नव्हती, हे लंबूबरोबर शेवटी चढलेल्यालाच ठाऊक होतं."

दादाने मान वर केली नाही.

"झोपेत होतो," तो म्हणाला. "दोन्ही खिशात टाकली. आवाज झाला तेव्हा हात खिशात गेला, तर एक जास्तीचं. घाबरलो आणि टांगून टाकलं."

"लंबूला हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे," मेहुणी हळूच म्हणाली. "तुम्हाला वाचवतोय तो."

दाजींना वाटले, लंबूची बायको आता भावाला फाडून खाणार.

"दोन दिवस तू दवाखान्यात डबा आणतोस," बहीण म्हणाली. "ते तुझ्या हातून जेवतात. तुझ्या हातून, दादा."

"माझं कार्ड जाईल गं."

"जाऊ दे." तिने त्याचे कोपर धरले. "ऊठ. मॅनेजरला तू सांगायचंस. मी येते बरोबर."

"मीही येतो," मुकादम पुढे आला. "मोजायचं काम माझं होतं."

तिघे पायऱ्या चढू लागले. अर्ध्यावर दादा थांबला. बहिणीने मागे वळून पाहिले नाही, पण हातही सोडला नाही.