पेन्सिलीखालचं शहर

नियोजन भवनात चौथ्या मजल्यावर, खिडकीलगत, टेबलासारखा आडवा पडदा होता. त्यावर कॅमेऱ्यातून अख्खं शहर हलतंबोलतं दिसे. समितीचे अध्यक्ष हुद्दारसाहेब ज्या घरांवर पेन्सिल तीनदा टेकवत, ती आठवड्याभरात पाडली जात.

आज पाळी कासार आळीची होती. डॉ. हर्षदा कासार तिथंच जन्मल्या होत्या, आणि हे शहर दाखवणारं झुकभिंगही त्यांनीच घडवलं होतं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा, तर तो असा. त्याचा त्यांना भयंकर संताप येत होता, पण रडायला त्या आल्या नव्हत्या.

"दोष भिंगाचा आहे," त्या म्हणाल्या. "हातातली वस्तू जवळून पाहिली की तिचा एक पट्टाच स्पष्ट दिसतो, मागचापुढचा भाग धूसर. भिंग झुकवलं की दूरच्या शहराचंही तसंच होतं. मेंदू फसतो, म्हणतो, हे खेळणं आहे. साधं भिंग होतं तेव्हा तुम्ही वर्षाला दोन वस्त्या पाडायचात. आता आठवड्याला दोन पाडता."

"मॅडम, मीही इंजिनिअर आहे," हुद्दार हसले. "घर कुठलं आणि खेळणं कुठलं, एवढं कळतं मला."

"मग एका इमारतीचा निर्णय द्या. तो तुम्ही पाळलात, तर आळीबद्दल मी चकार शब्द काढणार नाही."

"दाखवा की."

हर्षदाबाईंनी टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर नवा कॅमेरा बसवला होता. तो त्यांनी सुरू केला. पडद्यावर गोल गच्चीची चिमुकली इमारत उमटली. खिडकीत बोटभर बाहुली टेबलावर वाकलेली होती.

"गोजिरवाणी आहे," हुद्दार म्हणाले, "पण रस्ता रुंद करायचाय. पाडून टाका." त्यांनी पेन्सिल तीनदा टेकवली. खिडकीतल्या बाहुलीचा हातही तीनदा खाली-वर झाला. तो फक्त हर्षदाबाईंनी पाहिला.

"साहेब, जरा हात वर करा."

"कशाला?" असं कुरकुरत त्यांनी हात वर केला. बाहुलीनंही केला. हुद्दारांनी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. समोर टेकडी होती, टेकडीवर टाकी.

हर्षदाबाईंनी दोन कागद पुढे ठेवले. "हा हुकूम हे नियोजन भवन पाडायचा, हा भिंग बदलायचा. कुठल्यावर सही करता?"

हुद्दारांचा हात अजून वरच होता. खिडकीतल्या बाहुलीचाही.