तीन टप्पे आणि एक नजर

शिडी तिच्या टेबलावर येऊन आदळला, तेव्हा सामना सुरू होऊन सात मिनिटं झाली होती. रेषेबाहेर चाललेला बॉल वाचवायला त्यानं झेप घेतली होती. बॉल वाचला, टेबल आडवं झालं, आणि गुण लिहिणारी ती खुर्चीसकट भिंतीला टेकली.

"लागलं का?" त्यानं जमिनीवरूनच विचारलं.

"गुणपत्रकाला नाही. ऊठ, तुझे चार जण पाच जणांशी खेळतायत."

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात त्याला सगळे शिडी म्हणायचे. उंची बघितली की कारण कळायचं. तिला म्हणायचे पेनबाई. पेन्सिल चालत असूनही ती पेननंच गुण लिहायची. खोडायची वेळ येऊच द्यायची नाही, असा तिचा खाक्या.

अधिकृत पत्रकाशिवाय तिची स्वतःची एक निळी वही होती. समोरच्यानं फाउल केला की खेळाडू रेषेवर एकटा उभा राहून बॉल टाकतो, तो फ्री थ्रो. त्याआधी कोण बॉलचे किती टप्पे घेतो, तेही ती वहीत टिपायची. शिडीचे नेहमी तीन. मग एक नजर तिच्या टेबलाकडे... आणि बॉल जाळीत.

दुसऱ्या दिवशी तो एक पेन घेऊन आला.

"टेबलाची भरपाई. निळी शाई आहे, वहीला शोभेल."

"माझी वही तुला कशी माहीत?"

"तू मला टिपतेस, मी तुला टिपतो. मला फक्त वही लागत नाही."

"बोलण्यात नेम बरा आहे तुझा."

"रेषेवर बघ की!"

ती बघतच होती. म्हणून तर उपांत्य सामन्यानंतर संघ नाचत असताना ती एकटी वही पुढ्यात घेऊन बसली. अकरा गुणांची आघाडी शेवटी आठवर आली होती. शिडीनं चार फ्री थ्रो घालवले होते. प्रत्येक वेळी टप्पे दोनच आणि नजर खाली. मागची पानं उलटली, तर त्याआधीच्या सामन्यातही तेच.

सरावानंतर जिमच्या पायऱ्यांवर तो बुटांची नाडी सोडत होता. तिनं वही त्याच्यासमोर धरली.

"हे काय आहे?"

त्यानं पान वाचलं. त्याचे कान लाल झाले. नाडीची गाठ सोडता सोडता जास्तच घट्ट झाली.

"मुद्दाम चुकवलेस ना?"

"सामना जिंकलोच की आपण..."

"मी ते विचारलं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्याच्या ताईचा नवरा कॉलेजच्या सामन्यांवर पैसे लावायचा. आधी हरला, मग फसला. ज्यांचे पैसे थकले होते, त्यांनी वाट दाखवली: तुझ्या मेव्हण्याला सांग, जिंका, पण दहा गुणांच्या आतल्या फरकानं जिंका.

"भावोजी रडले माझ्यापुढे. म्हणाले, ताईला कळलं तर ती घर सोडेल. अंतिम सामन्यानंतर सगळं मिटेल म्हणतात."

"आणि तुला खरं वाटलं?"

त्यानं वहीकडे बोट दाखवलं.

"खोडून टाक ना ते पान," तो अगदी हळू म्हणाला.

"मी पेननं लिहिते." वही तिनं छातीशी धरली. "अंतिम सामना झाला की ही वही प्रशिक्षक सरांकडे जाईल. तू घेऊन जा, नाहीतर मी जाईन. तू नेलीस तर... मला आवडेल."

ती चार पायऱ्या उतरली, तेव्हा मागून आवाज आला, "त्या पानावर टप्प्यांशेजारी 'न नाही' लिहिलंय. 'न' म्हणजे काय?"

"नजर," ती वळून न बघता म्हणाली. आता तिचे कान लाल झाले होते.

अंतिम सामना. चार सेकंद उरलेली, नऊ गुणांची आघाडी, आणि फाउल शिडीवर. दोन फ्री थ्रो. जिंकणं केव्हाच ठरलं होतं. लोक पिशव्या उचलायला लागले होते, राखीव खेळाडू एकमेकांच्या डोक्यावर पाणी ओतत होते. सगळ्या जिममध्ये तिघांचाच श्वास अडकला होता. तिसऱ्या रांगेतले भावोजी, हातात पेन धरलेली ती, आणि रेषेवरचा तो.

एक टप्पा. दोन...

तिचं पेन कागदावर टेकलं. एवढ्यात थांबू नकोस रे!

तीन.

त्यानं मान वर केली आणि सरळ तिच्याकडे बघितलं. बॉल गेला तो जाळीला नुसता कुरवाळत. दहा. पुन्हा तीन टप्पे, पुन्हा नजर, या वेळी जरा हसरी. अकरा! ती खुर्चीवरून उडालीच. गुण लिहिणाऱ्यानं टाळ्या वाजवायच्या नसतात, हे तिला चार टाळ्यांनंतर आठवलं. तिसऱ्या रांगेत भावोजींनी चेहरा हातांत लपवला.

करंडक, फोटो, आरडाओरडा... त्या सगळ्यातून वाट काढत तो घामानं निथळत टेबलाशी आला.

"सकाळी ताईला सगळं सांगितलं. आधी मला एक ठेवून दिली. मग म्हणाली, माझ्या नवऱ्याचं मी बघते, तू नीट खेळ." त्यानं हात पुढे केला. "वही दे."

"सर तुला संघातून काढतील."

"काढतीलच. वर्षभर तरी. पण मग रेषेवरून तुझ्याकडे बघायला मिळणार नाही, तेवढंच वाईट वाटतंय."

"त्याला रेषा कशाला लागते?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे...?"

"म्हणजे तू मला आवडतोस, शिडी. आता चल, सर निघून जातील."

सरांच्या खोलीचं दार बंद होतं. वही त्याच्या एका हातात, दुसरा हात तिच्या हातात. तो हात त्यानं सोडवला, दारावर तीनदा टकटक केली, आणि मग वळून तिच्याकडे बघितलं.

"आत या," सर म्हणाले.