घेतलं

सासऱ्यांची दुपारची झोप वहीत टिपायची, एवढंच काम होतं. लग्नाला दोन महिने झालेल्या सुनेला याहून सोपं काम कुठलं सासर देणार?

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "झोपेत यांचा श्वास अडकतो. वर्षानुवर्षं मेंदूला प्राणवायू कमी पडलाय, म्हणून शब्द हरवतात. किती वेळा अडकतो, काय बडबडतात, सगळं लिहून आणा."

सासरे शिंपी. चाळीस वर्षं खालच्या दुकानात मापं घेतलेली. ते माप पुकारत, लिहिणाऱ्याने "घेतलं" म्हणायचं. त्याशिवाय टेप पुढे सरकत नसे. घरात आल्यावर सुनेनेही ती रीत उचलली होती.

"डोक्याची शिवण उसवलीय, सूनबाई," आडवं होताना ते म्हणाले. "एखादा टाका घालता आला तर बघ."

पडदे ओढलेले. खालून गरम इस्त्रीचा, ओलसर कापडाचा वास येत होता. घोरणं चढत गेलं आणि मध्येच थांबलं. ती मोजू लागली. दहा... पंधरा... बावीस... छातीवरची चादर हलत नव्हती. मग अगदी दुकानातला आवाज आला,

"बॉबिन."

"घेतलं," ती सवयीने बोलून गेली. श्वास सुरू झाला.

संध्याकाळी बॉबिन हातात धरून सासरे बसलेले. "अगं, हे... दोरा गुंडाळतात ते..."

दुसऱ्या दिवशी ‘काज’ गेलं. तिसऱ्या दिवशी ‘गळा’ पुकारला, पण तेवढ्यात तिच्या आईचा नेहमीचा फोन आला आणि ती ‘घेतलं’ न म्हणताच बाहेर गेली. चौथ्या दिवशी ‘अस्तर’ गेलं. ‘गळा’ मात्र शाबूत होता. वही चाळताना तिचं बोट एकेका नोंदीवर थांबत गेलं. जे तिने ‘घेतलं’ होतं, तेवढंच गेलं होतं.

पण ती हातपाय गाळणारी नव्हती. घेतलेलं परत करता येतं, इतका साधा हिशोब तिला कळत होता.

पाचव्या दुपारी घोरणं थांबलं, तशी ती त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा... बॉबिन. घ्या."

अठरा... तीस... चाळीस... ओठ निळसर पडू लागले. तिने हलवायला हात पुढे केला, आणि ओठ न हलताच आवाज आला,

"घेतलं."

श्वास सुरू झाला. एकेक करून तिने सगळे शब्द परत केले. संध्याकाळी दुकानातून हाक आली, "सूनबाई, ती बॉबिन टाक बघू इकडे! आणि अस्तर कुठं ठेवलंस?" नवरा बघतच राहिला. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सकाळी ती चहा गाळत होती. नवरा जांभई देत म्हणाला, "आता तुझीही वही करावी लागणार. रात्री झोपेत बोललीस. एकच शब्द, मग इतकी गप्प की वाटलं श्वासच अडकला."

"कुठला शब्द?"

"‘आई’. आठवण आली असेल. पण गंमत ऐक, भिंतीपलीकडून बाबा म्हणाले, ‘घेतलं.’"

ती हसली. तेवढ्यात ओट्यावरचा फोन वाजला. पडद्यावर दोन अक्षरं होती. तिने ती जोडून वाचली. पुन्हा वाचली. फोन वाजतच राहिला.

"अरे..." तिने हळूच विचारलं, "हे कोण?"