दिसतंय का?

बसा. मोबाइल खिशात ठेवा, नाहीतर मी आपला झोपायला जातो. ही गोष्ट दिनेशची. सातपूरला कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर होता. पगारात भागेना म्हणून पहिली पाळी सुटली की घरोघर टीव्हीच्या डिश-छत्र्या बसवायचा. माणूस सरळ, थापा मारणारा नाही.

बावीस सालचा एप्रिल, आठ तारीख, शुक्रवार. एकलहऱ्याच्या अलीकडे एका वस्तीवर फुलाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची, तिच्याकडे छत्री बसवायची होती. दिवसभर उभं राहून दिनेशचे पाय भरून आलेले. उद्या येतो, असं त्याने फोनवर सांगून पाहिलं, पण म्हातारीने आजच ये म्हणून धोशा लावला.

तो पोचला तेव्हा अंधार पडला होता. टीव्हीचा सरकारी टॉवर बंद होऊन आठवडा झाला, तेव्हापासून टीव्हीवर नुसत्या मुंग्या, म्हातारी म्हणाली. आठ दिवसांत मालिका इंचभर सरकत नाही, एवढी काय घाई, म्हणून दिनेशने चेष्टा केली. ती हसली नाही.

मग तिने सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी तिचा नवरा पत्र्यावर चढून अँटेना फिरवत होता. ही घरातून ओरडत होती, अजून थोडं, अजून थोडं. तो मागे सरकला आणि दगडी पायरीवर पडला. जागीच गेला. तेव्हापासून रोज साडेआठला वरून त्याचा आवाज यायचा. दिसतंय का? ही दिसतंय म्हणायची, मग पत्रा शांत व्हायचा.

"आता दिसत नाय, तर रातभर फिरवत बसतात," ती म्हणाली. "टावर बंद झाला म्हणून किती सांगितलं, ऐकत नाय. अन् खोटं बोलायला माझी जीभ उचलत नाय. लय दमलेत रे ते. मी बी दमले."

दिनेशला तिची कीव आली. एकट्या माणसाला असे भास व्हायचेच, असं त्याने मनाशी म्हटलं. शेजाऱ्यांची शिडी आणून त्याने छत्री बसवली, शिडी परत देऊन आला आणि बॉक्स सुरू केला. चित्र आलं. लख्ख.

साडेआठ झाले.

पत्रा वाजला. एक पाऊल... मग दुसरं. अँटेनाचा पाइप करकरला... थांबला.

"दिसतंय का?"

दमलेला आवाज. म्हातारी उठली. पदर डोक्यावर घेतला. अंगणात गेली. मागोमाग दिनेश.

"दिसतंय," ती म्हणाली. "लय चांगलं दिसतंय. आता वर काय काम नाय राहिलं. खाली या."

वर काहीच नाही.

मग पावलं पत्र्याच्या कडेला आली. तिथेच घुटमळली.

शिडी नव्हती.

दिनेश पळाला नाही. का, ते त्यालाही सांगता येत नाही. तो कडेखाली गेला. भिंतीला हात टेकले. मान खाली घातली.

खांद्यावर वजन आलं... उतरलं.

म्हातारीने आत जाऊन दार लावून घेतलं. आतला टीव्ही बंद झाला. त्या घरात त्या रात्री पुन्हा आवाज झाला नाही.

दिनेशच्या बायकोने, मंजुषाने, तो शर्ट चार वेळा धुतला. मग मला आणून दाखवला. उजव्या खांद्यावर पत्र्याच्या गंजाचा तांबूस डाग तसाच होता. पाच बोटं आणि टाच. अनवाणी पायाची.